बॅटरी वाढली

"टाकी केवढी, ॲव्हरेज किती आन् वाटेत पंप कुठं? एवढं तेवढं सांगा जावईबापू. बाकीचं इंजिनिअरिंग ऱ्हाऊ द्या तुमच्याजवळ."

तात्या ट्रेलरच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. नाकात ऑक्सिजनची नळी, तिचं दुसरं टोक आतल्या घरघरत्या मशीनला, आणि रुबाब असा की अख्खं पठार तेच चालवतायत. तात्या म्हणजे माझे सासरे. उभी हयात एसटीच्या स्टेअरिंगवर गेलेली. त्यामुळे कुठलीही गोष्ट गाडीत बसवल्याशिवाय त्यांच्या गळी उतरायची नाही.

मलाही तेच हवं होतं. तो ट्रेलर मी स्वतः बांधला होता. गाडीमागे जोडायचं एवढंसं घर, छपरावर सोलर, पलंगाखाली बॅटऱ्या. त्याचं कौतुक ऐकायला मी भुकेलेला होतो.

"टाकी म्हणजे या बॅटऱ्या, तात्या. सात युनिट मावतात. तुमचं मशीन रात्रंदिवस चाललं तर चारेक युनिट पितं. दिवे, पंखा, किरकोळ धरून साडेचार. आणि पंप म्हणजे वरचं सोलर. असं ऊन असलं की दिवसाला पाच युनिट भरतं. जेवढं जातं तेवढं येतंच, वर थोडं उरतं."

"आन् पंप बंद असला तर?"

"तर भरल्या टाकीवर दीड दिवस. पण ऊन बघा की कसलं पडलंय!"

ऊन खरंच लखलखीत होतं. नवरात्र लागलं होतं, पाऊस माघारी गेला होता, पाटणच्या डोंगरावरचं ते पठार फुलांनी भरलेलं होतं आणि डोक्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. याच पठारावर तात्यांनी कितीतरी वर्षं मुक्कामाची गाडी आणली होती. आता फुप्फुसं आखडली होती. डॉक्टर म्हणाले होते, मशीन दहा-पंधरा मिनिटांच्या वर बंद ठेवायचं नाही. तरी म्हातारा एकच हट्ट धरून बसला होता : एकदा वरचा वारा खायचाय. तृप्तीला, माझ्या बायकोला, सातवा महिना होता. ती येऊ शकत नव्हती आणि तिला हे मुळीच पसंत नव्हतं. निघताना गाडीच्या काचेत वाकून ती मला एवढंच म्हणाली, "नेतोयस तसे परत आण."

"चहा घ्या," आक्का आतून आल्या. माझ्या सासूबाईंना अख्खी दुनिया आक्का म्हणते. "चहाची पावडर वाढली बघा जावईबापू."

"अरे वा! मग होऊ द्या अजून एकेक कप!"

आक्का पदर तोंडाला लावून हसल्या. तात्या तर असे हसले की खोकल्याची उबळ आली. मला वाटलं, माझ्या खादाडपणाला हसतायत. मीही हसलो. आमच्या अकोल्याच्या घरात बाईमाणूस नव्हतं. आई मी तीन वर्षांचा असताना गेली. मग बाबा, मी आणि धाकटा भाऊ. पीठ संपलं की "पीठ संपलं!" म्हणून बोंब मारायची, ज्याच्या कानावर पडेल त्यानं पिशवी उचलायची. आक्कांचं बोलणं म्हणूनच मला अर्धं कळायचं आणि उरलेलं मी गोड मानून घ्यायचो.

दुसऱ्या दिवशी उजाडलंच नाही. म्हणजे सकाळ झाली, पण दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. धुकं एवढं दाट की पाच पावलांवरची माझी गाडी दिसेना. पवनचक्क्या दिसत नव्हत्या, फक्त वरून घूप घूप असा आवाज येत होता. त्या सकाळी चहाही मिळाला नाही. धुक्याच्या गडबडीत मी विचारलंसुद्धा नाही.

"दुपारपर्यंत फाटंल," तात्या म्हणाले. "ह्या पठाराला मी वळखतो."

दुपारी फाटलं नाही, संध्याकाळीही नाही. सोलरनं दिवसभरात मोजून एक युनिटही दिलं नाही. भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर बॅटरीचा आकडा उतरत होता आणि मी दर थोड्या वेळानं काहीतरी निमित्त काढून तो बघून येत होतो. पंखा काढला, दिवे काढले, मोबाइल बंद केले. तशीही तिथे रेंज नव्हतीच. आता फक्त मशीन चालू होतं, आणि ते मात्र बंद करण्यातलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा वीसवर आला होता. मी म्हटलं, चला, आवरा, निघू या. गाडी जोडली, सुरू केली, आणि ट्रेलरची चाकं ओल्या मातीत रुतत रुतत पार आसापर्यंत गेली. दोन-तीन तास दगड लावले, फांद्या घातल्या. ट्रेलर काही हलला नाही.

मी गाडी बंद केली.

"ट्रेलर राहू दे हितंच," आक्का म्हणाल्या. "ह्यांना गाडीत घाला आन् चला पाटणला. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर हाय की."

"तो पाऊण तास पुरतो, आक्का. या धुक्यात पाटण दोन तास. आणि हे मशीन गाडीच्या सॉकेटवर ओढत नाही, मी करून बघितलंय."

"घाटात मधीच संपायचं म्हणजे..." तात्या म्हणाले. ते हसत नव्हते आता. नळीमागचा त्यांचा चेहरा लहान दिसत होता.

मी मनात हिशेब मांडला. सकाळचे वीस टक्के म्हणजे सव्वा-दीड युनिट. मशीन ज्या आकड्यावर चाललंय त्यावर दुपार आरामात टळते. खालचं गाव अर्ध्या तासावर. नवरात्र आहे, तिथे मंडळाचा जनरेटर असणारच. तो घेऊन यायचं. तात्यांनाच खाली न्यायचं तर सिलिंडर जेमतेम पोचवायचा, आणि तिथे वीज नसलीच तर मग काहीच उरायचं नाही. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. हिशेबात भरपूर जागा होती.

"मी जनरेटर आणतो," मी म्हटलं. आक्कांच्या हातात वॉकीटॉकी दिली. "बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. कड्यावरून गावापर्यंत पोचते ही. दम लागला तर मशीनचा आकडा दोनवरून चारवर न्या, डॉक्टरांनी सांगितलंय तसा. आणि बॅटरीकडे लक्ष ठेवा."

"ठेवते. तुम्ही सावकाश जावा. घाई करू नका."

तात्यांनी हात वर केला, डेपोतून गाडी बाहेर काढताना करत असतील तसा. मी निघालो.

खालच्या गावात वाघजाईचं देऊळ, देवळापुढे मांडव, आणि मांडवाच्या मागे धडधडणारा जनरेटर. तो दिसला तेव्हा मला त्याला मिठी मारावीशी वाटली. मालक हणमंत शेडगे, मांडववाले. कपाळभर गुलाल, खांद्यावर उपरणं.

"न्या की," तो म्हणाला. "न्यायला कोण नाय म्हणतंय? पण कालपासनं गावात लाइट न्हाय. वर डोंगरावर एवढी पवनचक्की गरगरतीया आन् खाली आमी अंधारात. आरतीचा स्पीकर ह्येच्यावर हाय. आरती झाली की उचला. पंधरा-वीस मिनिटं थांबा."

"माणूस ऑक्सिजनवर आहे हो."

"मग आत्ता न्या. बोला."

त्यानं लगेच असं म्हटल्यावर मीच ओशाळलो. गाव जमलं होतं, बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. म्हटलं, आधी वर विचारून घेऊ. मांडवाबाहेर येऊन वॉकीटॉकीचं बटण दाबलं.

"आक्का, ऐकू येतंय? बॅटरी किती आहे?"

खरखर. मग आक्कांचा आवाज, दबका.

"जावईबापू, बॅटरी वाढली हो."

"काय? वाढली?"

"वाढली, वाढली. आत्ताच. आता..." खरखर. "...लावलाय मी. या तुम्ही लवकर."

आणि नेमकं त्याच वेळी मांडवापुढच्या अंगणात ऊन पडलं. खरंखुरं, पिवळंधमक ऊन. मी वर बघितलं. डोंगराच्या अंगावरून धुकं विरत होतं. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. म्हणजे वर धुकं फाटलं, सोलर भरायला लागलं! बॅटरी वाढली! आक्कांनी कुकर लावलाय, जेवायला बोलावतायत.

"येतो, येतो!" मी जवळजवळ ओरडलोच. "होऊ दे सावकाश!"

आत जाऊन हणमंतला म्हटलं, "होऊ दे आरती. वर ऊन पडलंय."

कुणीतरी चहा हातात दिला. दोन दिवसांनी चहा. मी पायरीवर बसलो, पाय पसरले. पुण्यात गेल्यावर तृप्तीला हे सगळं कसं रंगवून सांगायचं ते मनात जुळवत बसलो. आरती सुरू झाली. एक झाली, दुसरी झाली, तिसरी सुरू झाली. मला काही घाई नव्हती. मी चहाचा दुसरा कप भरून घेतला.

शेजारच्या खांबावर ऑइलपेंटनं लिहिलं होतं : नारळ बाहेर वाढवावेत. मी ते नुसतंच वाचलं. बाहेरच्या दगडावर एक माणूस नारळ फोडत होता. फट्. पाणी उडालं. आतून कुणीतरी विचारलं, "वाढवले का रं सगळे?" तो म्हणाला, "सगळे वाढवले!"

मी पुन्हा खांबाकडे बघितलं. मग त्या फुटक्या करवंट्यांकडे. डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. चहाची पावडर वाढली बघा जावईबापू. आणि दोघं का हसली? आणि पावडर वाढली होती तर दुसऱ्या दिवशी चहा का नव्हता?

शेजारी एक म्हातारी ओटीचं ताट घेऊन बसली होती. मी विचारलं, "मावशी, घरात चहाची पावडर वाढली म्हणजे काय हो?"

"म्हंजी संपली."

"संपली?"

"घरातल्या जिनसाला संपली म्हणू नये लेकरा. वाढली म्हणावं. बांगडी फुटली तर बांगडी वाढली म्हणत्यात. तुझ्या आईनं न्हाय शिकवलं?"

चहा माझ्या मांडीवर सांडला. भाजल्याचं मला रात्री कळलं, कातडी लाल झालेली दिसली तेव्हा.

बॅटरी वाढली. आत्ताच. आता सिलिंडर लावलाय मी. या तुम्ही लवकर.

आणि मी त्या बाईला ओरडून सांगितलं होतं, होऊ दे सावकाश.

मी मांडवात कसा शिरलो, कुणाला ढकललं, काय बोललो, मला आठवत नाही. हणमंत पुढे सांगायचा की मी नुसतं "वाढली, वाढली" म्हणून ओरडत होतो. पण तो त्याच भाषेत वाढलेला. त्याला एका शब्दात कळलं. त्यानं जाऊन जनरेटरचं बटण दाबलं. आरती चालू असतानाच स्पीकर गप्प झाला, देवीवरचा झोत गेला. लोक गलका करायला लागले.

"गप बसा!" हणमंत गरजला. "वर म्हातारं माणूस हाय, त्येचा वारा बंद पडलाय! आरती तोंडानं म्हणा!"

चौघांनी जनरेटर उचलून गाडीत घातला. हणमंत शेजारी बसला. गावातलं ऊन पहिल्या वळणापर्यंतच होतं. त्याच्यावर तेच पांढरं, तेच दाट धुकं. वर ऊन पडलंच नव्हतं.

स्टेअरिंग घामानं निसटत होतं. पाऊण तासाचा सिलिंडर, त्यातला किती मी पायरीवर बसून घालवला? आणि बॅटरी दुपारपर्यंत पुरणार होती, ती एवढ्यात कशी गेली? मग तेही उमगलं. तात्यांना दम लागला असणार, आक्कांनी आकडा चारवर नेला असणार. चारवर मशीन दुप्पट पितं, वीसचा आकडा सकाळचा होता, आणि दहावर आल्या की बॅटऱ्या आपोआप बंद पडतात. मी हिशेब केला होता तो कराडच्या घरात टीव्ही बघत बसलेल्या तात्यांचा. पठारावरच्या गार धुक्यात धापा टाकणाऱ्या तात्यांचा हिशेब मी केलाच नव्हता.

"आक्का! आक्का, ऐकू येतंय का?"

खरखर.

"आक्का, मशीन... आक्का, बोला ना!"

"ते ठिवा खाली," हणमंत म्हणाला. "वळण हाय. डावं घ्या. डावं!"

दरीच्या काठावरचा पांढरा दगड चाकाला घासून गेला. मला खूप भीती वाटत होती, आणि ती दरीची नव्हती. दार उघडल्यावर काय दिसेल त्याची होती. त्यानंतर पुण्याला जाऊन दुसरं एक दार वाजवायचं होतं, त्याची तर त्याहून जास्त. सातव्या महिन्यातल्या बाईला काय सांगायचं? तुझी आई म्हणाली बॅटरी वाढली, म्हणून मी चहा पीत बसलो?

पठारावर आलो. पवनचक्क्यांचा घूप घूप आवाज सुरू झाला. हजारो घरांची वीज डोक्यावर फिरत होती आणि आम्हाला त्यातली चिमूटभर मिळण्याची सोय नव्हती. मी गाडी थांबवली, काच खाली केली. मशीनची घरघर ऐकू येते का बघितलं.

घरघर नव्हती.

मी धावलो. ट्रेलरचं दार सताड उघडं होतं. आक्का जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि तात्यांना त्यांनी पुढ्यात घेतलं होतं, त्यांची पाठ आपल्या छातीला लावून. सिलिंडरचा काटा शून्यावर पडलेला. तात्यांचे ओठ निळसर, डोळे अर्धे मिटलेले. आक्का त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या, अगदी शांतपणे.

"घाट हाय. दमानं. पयला गेर टाका. गाडी भरल्याली हाय, रेटू नका. हां. आता सोडा. आता परत वढा. दमानं..."

आणि तात्यांची छाती हलत होती. इतकी थोडी की मला आधी भास वाटला.

हणमंतनं दारातच जनरेटर टेकवला आणि दोरी ओढली. नुसती फुरफुर. पुन्हा ओढली. पुन्हा फुरफुर. त्यानं जनरेटरला आई-माईवरून एक शिवी हासडली, लगेच कानाला हात लावून देवीची माफी मागितली आणि पाय रोवून तिसऱ्यांदा ओढली. धडधड सुरू झाली. मी पिन लावायला गेलो, ती सॉकेटमध्ये जाईना. आक्कांनी माझं मनगट धरलं, तेव्हा गेली. मशीननं टीं टीं केलं आणि घरघर सुरू झाली.

आम्ही तिघंही तात्यांच्या ओठांकडे बघत बसलो. निळा रंग उतरायला किती वेळ लागला, देव जाणे. मग तात्यांनी डोळे उघडले. आधी हणमंतचा गुलालानं माखलेला चेहरा बघितला, मग मला शोधलं.

"पंप..." ते म्हणाले. "पंप घावला?"

मी ट्रेलरबाहेर आलो आणि चिखलात बसून ओक्साबोक्शी रडलो. आक्का मागोमाग आल्या. भीती गेली की माणसाला राग येतो, तसा मला आला.

"संपली म्हणायचं ना, आक्का! नुसतं संपली म्हणायचं!"

"त्यांच्या देखत?" आक्का म्हणाल्या. "नळी त्यांच्या नाकात, डोळं माझ्या तोंडावर. सारखं बघत होते मी काय बोलतीया ते. आन् त्यांच्या देखत मी संपली म्हणू?"

त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं. त्याआधी त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. सासू-जावयाचं नातं, तेवढं अंतर ठेवूनच.

"बरं," त्या म्हणाल्या. "हितनं पुढं तुमच्याशी मी सरळ बोलंन. काय असंल ते सरळ सांगंन. तुम्हाला तरी कोण होतं शिकवायला!"

हणमंतनं मोटरसायकलवरून पोरगा पाटणला धाडला, दुपारी उशिरा ॲम्ब्युलन्स आली. तात्यांना नेलं होतं तसं परत आणलं. नातू झाला, तो त्यांनी मांडीवर घेतला. पुढची दोन-अडीच वर्षं ही गोष्ट त्यांनी आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगितली, आणि दर वेळी माझा आवाज काढून : "होऊ दे सावकाश!" घरात तो वाक्प्रचारच होऊन बसला. दूध उतू गेलं, पेट्रोल संपलं, पोराचं खेळणं बंद पडलं की तृप्ती म्हणायची, "झालं, बॅटरी वाढली!" मी ट्रेलर विकून टाकला होता.

आक्कांनी मात्र शब्द पाळला. फोनवर माझ्याशी बोलताना त्या सांगायच्या : गोळ्या संपल्या. सिलिंडर संपला. प्रत्येक वेळी आधी थोडं अडखळायच्या, मग म्हणायच्या. तृप्तीशी बोलताना मात्र गोळ्या वाढलेल्याच असायच्या.

मग एका दुपारी फोन आला. तृप्ती आत मुलाला आंघोळ घालत होती.

"जावईबापू," आक्का म्हणाल्या. आणि थांबल्या. मागे मशीनची घरघर नव्हती. कराडच्या त्या घरात मी ती घरघर इतकी वर्षं ऐकत होतो की ती नाही हे मला आधी कळलं.

"संपलं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "हो, आक्का. निघतो आम्ही."

तृप्ती ओला टॉवेल घेऊन बाहेर आली. "आक्काचा ना? काय म्हणाली?"

अकोल्याच्या घरात तो शब्द आम्ही आठवड्यातून चार वेळा बोंबलायचो. मी तोंड उघडलं. तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. तो शब्द काही केल्या माझ्या तोंडातून बाहेर येईना.

"तृप्ती," मी म्हटलं, "तात्यांची बॅटरी वाढली गं."